घरातलं इंटरनेट मंद झालंय? राउटर बदलण्याआधी दोष नेमका कुठे आहे ते असं शोधा

नेट मंद झालं की घरात पहिला आरोप राउटरवर होतो. मग कुणी तो दर तासाला बंद-चालू करतं, कुणी सेटिंगमध्ये शिरून दिसेल ते बदलतं, कुणी सरळ नवा राउटर मागवतं. माझं म्हणणं एवढंच आहे की आधी मोजा आणि मगच हात लावा. कंपनीपासून तुमच्या मोबाइलपर्यंत इंटरनेट तीन टप्प्यांतून येतं. पहिला टप्पा कंपनीकडून घरातल्या मोडेमपर्यंतची (कंपनीची लाइन जिथे जोडलेली असते त्या डब्यापर्यंतची) लाइन, दुसरा मोडेम आणि राउटर ही यंत्रं व त्यांच्यातल्या केबल्स, आणि तिसरा राउटरपासून तुमच्या हातातल्या उपकरणापर्यंतचं वायफाय. यांपैकी कोणत्या टप्प्यात वेग गळतोय हे कळलं की निम्मं काम झालं. ते न कळता केलेला खर्च बहुतेक वेळा वाया जातो.

पुढच्या पायऱ्या दिलेल्या क्रमानेच करा. क्रम मोडला तर निकालांचा अर्थ लावता येत नाही.

## हाताशी काय हवं

- लॅन पोर्ट असलेला लॅपटॉप किंवा कॉम्प्युटर. पोर्ट नसेल तर यूएसबीला लागणारा लॅन अडॅप्टर. अडॅप्टर गिगाबिटचा (१००० एमबीपीएसचा) आहे ना, हे त्याच्यावर वाचून घ्या.
- एक खात्रीची नेटवर्क केबल, कॅट ५ई किंवा कॅट ६. दर्जा केबलच्या आवरणावरच छापलेला असतो.
- कनेक्शनची कागदपत्रं किंवा कंपनीचं ॲप. प्लॅनचा डाउनलोड वेग, अपलोड वेग आणि ठरावीक डेटा वापरल्यावर वेग उतरवण्याची अट आहे का, या तीन गोष्टी तिथून काढा.
- राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या लेबलचा फोटो. लॉगिनचा पत्ता, मूळ पासवर्ड आणि मॉडेल क्रमांक त्यावर असतो.
- पीपीपीओई पद्धतीचं (युजरनेम-पासवर्ड टाकून सुरू होणारं) कनेक्शन असेल तर त्याचं युजरनेम आणि पासवर्ड. हे आत्ताच मिळवून ठेवा, नववी पायरी वाचल्यावर कारण कळेल.
- कागद-पेन. प्रत्येक चाचणीची वेळ, जागा, उपकरण आणि आकडा लिहायचा आहे.

## १. 'मंद' म्हणजे काय, ते आधी ठरवा

"नेट स्लो आहे" या तक्रारीत चार वेगवेगळे आजार लपलेले असतात. मोठी फाइल उतरायला वेळ लागतो हा एक. पान उघडायला लागलं की काही सेकंद काहीच होत नाही आणि मग धाडकन सगळं येतं, हा दुसरा. व्हिडिओ कॉलमध्ये आवाज तुटतो पण चित्रपट सुरळीत चालतो, हा तिसरा. मागच्या खोलीत गेलं की सगळंच थांबतं, हा चौथा. प्रत्येकाचं कारण वेगळं असतं, त्यामुळे आपला आजार कोणता ते एका वाक्यात लिहून काढा. तो सगळ्या उपकरणांवर आहे की एकाच, दिवसभर आहे की फक्त रात्री, हेही लिहा.

इथेच एक गैरसमज दूर करू. प्लॅनचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात आणि फाइल उतरताना ब्राउझर मेगाबाइट दाखवतो. आठ बिट म्हणजे एक बाइट. म्हणून १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर फाइल सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ मेगाबाइटने उतरेल, आणि प्रत्यक्षात अकरा-साडेअकराने. तुमच्याकडे असाच आकडा दिसत असेल तर तुमचं कनेक्शन ठणठणीत आहे.

## २. एकदाच, पण नीट रीस्टार्ट करा

मोडेम आणि राउटर दोन्हींचे विजेचे अडॅप्टर काढा आणि अर्धा मिनिट थांबा. आधी मोडेम लावा, त्याचे दिवे स्थिर होऊ द्या, मगच राउटर लावा. दोन्ही एकाच डब्यात असतील तर अर्थातच एकच प्लग. पाच मिनिटं काही करू नका.

याने फरक पडला तर उत्तम. पण दोन दिवसांनी पुन्हा तोच त्रास सुरू झाला, तर रोज रीस्टार्ट करत बसू नका. राउटरला हात लावून पाहा. बंद कपाटात किंवा टीव्हीमागे कोंडलेला राउटर तापतो आणि तापला की अडखळतो. अडॅप्टरही तपासा. त्यावरचे व्होल्टचे आकडे राउटरवर लिहिल्याप्रमाणेच हवेत आणि अँपिअर निदान तेवढे तरी हवेत. अडॅप्टर अदलाबदल झाल्यामुळे किंवा जुना होऊन क्षीण झाल्यामुळे राउटर आपोआप बंद-चालू होत राहतो, हे मी बऱ्याच घरांत पाहिलंय.

## ३. केबल लावून मोजा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे आणि लोक नेमकी हीच गाळतात. मोबाइलवर वायफायने घेतलेली चाचणी तीनही टप्पे एकत्र मोजते. त्यातून दोष कुणाचा हे कळूच शकत नाही.

लॅपटॉपचं वायफाय बंद करा. केबलने तो राउटरच्या लॅन पोर्टला जोडा. व्हीपीएन बंद करा, क्लाउडवर चढणाऱ्या फाइल थांबवा, घरातल्या बाकीच्यांना दहा मिनिटं नेट वापरू नका म्हणून सांगा. मग चाचणी घ्या.

चाचणी एका संकेतस्थळावर घेऊन भागत नाही. ऊकलाची स्पीडटेस्ट सहसा जवळचा सर्व्हर निवडते आणि तो पुष्कळदा तुमच्याच कंपनीच्या जाळ्यात असतो. त्यामुळे तिथे आलेला आकडा प्रामुख्याने तुमच्या लाइनचा असतो. फास्ट डॉट कॉम ही चाचणी नेटफ्लिक्सच्या सर्व्हरवरून मोजते, तर क्लाउडफ्लेअरची चाचणी त्यांच्या स्वतःच्या जाळ्यावरून. पहिल्या चाचणीत वेग पुरेपूर आणि बाकी दोन्हींत निम्मा असेल, तर तुमची लाइन आणि राउटर ठीक आहेत. अडचण कंपनीच्या पुढच्या जोडण्यांत आहे. हे निकाल तक्रारीच्या वेळी फार कामी येतात, स्क्रीनशॉट ठेवा.

तीनही चाचण्या सकाळी लवकर, दुपारी आणि रात्री गर्दीच्या वेळी घ्या. एका चाचणीवरून काहीच ठरवू नका.

आता निकालाचा अर्थ.

केबलवर वेग प्लॅनच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास असेल, तर लाइन आणि राउटरचा तारेकडचा भाग ठीक आहे. चौथी पायरी सोडून पाचवीकडे जा.

केबलवरही वेग कमी असेल, तर वायफायच्या नादी लागू नका. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

आणि आकडा ९४-९५ वर अडला असेल, प्लॅन मात्र २०० किंवा ३०० चा असेल, तर थांबा. हा आकडा खूप बोलका आहे. १०० एमबीपीएसच्या पोर्टमधून जाणाऱ्या माहितीतला काही भाग पत्ते आणि तशाच जोडमाहितीत खर्च होतो, आणि चाचणीत साधारण ९४ उरतात. म्हणजे वाटेत कुठेतरी १०० चं दार आहे. गिगाबिट जोडणीत याच हिशेबाने ९४० च्या आसपास दिसतात.

हे दार तीन ठिकाणी असू शकतं. राउटरचे पोर्टच १०० चे असतील, मॉडेल क्रमांकावरून ते शोधता येतं. लॅपटॉप किंवा अडॅप्टर १०० चा असेल. किंवा केबल सदोष असेल, आणि हे सगळ्यात जास्त वेळा घडतं. नेटवर्क केबलमध्ये आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. १०० च्या जोडणीला दोनच जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. एखादी तार तुटली की दोन्हीकडची यंत्रं आपसांत ठरवून मुकाट्याने १०० वर येतात. नेट चालू राहतं, म्हणून कुणाला संशयही येत नाही.

केबलचं टोक उजेडात धरून पाहा. प्लगचं प्लास्टिक पारदर्शक असतं. आतल्या आठही तारा अगदी पुढच्या कडेपर्यंत पोचलेल्या दिसायला हव्यात. मी पाहिलेल्या एका घरात ३०० चा प्लॅन होता आणि आकडा काही केल्या ९४ च्या वर जात नव्हता. मोडेम आणि राउटरमधल्या वीतभर केबलचा प्लग उजेडात धरला, तर निळी तार सोनेरी पात्याच्या अलीकडेच संपलेली होती. नारिंगी आणि हिरवी जोडी जागेवर होती, म्हणून १०० मिळत होते. ती केबल बदलल्यावर त्याच मिनिटाला आकडा २८० च्या पुढे गेला. त्या घरात त्याआधी नवा राउटर येऊन गेला होता.

म्हणून मोडेम ते राउटर आणि राउटर ते लॅपटॉप, अशा दोन्ही केबल्स बदलून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. विंडोजमध्ये नेटवर्क अडॅप्टरच्या स्थितीत जोडणीचा वेग दिसतो. तिथे १.० जीबीपीएस दिसायला हवं. १०० एमबीपीएस दिसलं तर दोष याच केबलमध्ये किंवा तिच्या दोन टोकांच्या पोर्टमध्ये आहे.

## ४. केबलवरच वेग कमी असेल तर

मोडेम आणि राउटर वेगवेगळे असतील तर राउटर बाजूला ठेवून लॅपटॉप थेट मोडेमला जोडा. पीपीपीओई असेल तर लॅपटॉपवरच ते युजरनेम-पासवर्ड टाकून कनेक्शन सुरू करावं लागेल. केबल मोडेमच्या (टीव्हीसारख्या कोएक्स केबलवरच्या मोडेमच्या) बाबतीत उपकरण बदललं की मोडेम एकदा बंद-चालू करावा लागतो. थेट जोडल्यावर वेग पूर्ण आला, तर दोष राउटरचा. नाही आला, तर लाइनचा.

राउटरचा असेल तर पहिला संशय पीपीपीओई आणि क्यूओएसवर (कोणत्या कामाला आधी वेग द्यायचा ते ठरवणाऱ्या सोयीवर) घ्या. जुन्या राउटरच्या प्रोसेसरला २०० च्या वर पीपीपीओई झेपत नाही, असं पुष्कळ मॉडेलांत होतं. क्यूओएस, पालक नियंत्रण, वाहतुकीची आकडेवारी असल्या सोयी चालू केल्या की राउटर माहितीचं प्रत्येक पाकीट स्वतः तपासू लागतो आणि वेग कोसळतो. त्या एकेक बंद करून मोजा.

लाइनचा दोष असेल तर तुमच्या कनेक्शनच्या प्रकारानुसार पाहा.

फायबर असेल तर मोडेमवर, म्हणजे ओएनटीवर, एलओएस (LOS) असं लिहिलेला दिवा लाल नाही ना ते बघा. लाल असेल तर प्रकाशच पोचत नाहीये. दिवा ठीक असूनही वेग कमी असेल तर ओएनटीच्या सेटिंगच्या पानावर ऑप्टिकल पॉवर किंवा आरएक्स पॉवर नावाचा आकडा शोधा. तो उणे असतो. जीपॉन या घरगुती फायबरच्या रूढ पद्धतीत उणे १५ ते उणे २४ डीबीएम (सिग्नलची ताकद मोजायचं एकक) निश्चिंत समजा. उणे २७ ही सामान्य ओएनटीच्या ऐकू येण्याची सीमा आहे. आकडा तिच्या जवळ गेला असेल तर कुठेतरी फायबर वाकलंय, जोड मळलाय किंवा तारेवर ताण आलाय. भिंतीच्या कोपऱ्यात किंवा कपाटामागे फायबर काटकोनात दाबलं गेलंय का, हे नुसतं डोळ्यांनी पाहा. फायबरचा जोड स्वतः उघडू नका आणि टोकात डोकावू तर अजिबात नका. त्यातून येणारा लेसर दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरचं डीएसएल असेल तर फोन आणि मोडेममधला फिल्टर नीट बसलाय का ते पाहा आणि मोडेम घरात तार शिरते त्या पहिल्या सॉकेटला लावून मोजा. कोएक्स केबलचं असेल तर मधले स्प्लिटर (एका केबलच्या दोन करणारे जोड) काढून मोजा.

वेग फक्त रात्रीच उतरत असेल आणि सकाळी पूर्ण मिळत असेल, तर तुमच्या घरात शोधण्यासारखं काही उरलेलं नाही. वाटून घेतलेल्या लाइनवर गर्दी होतेय. थेट अकराव्या पायरीकडे जा. महिनाअखेरीलाच वेग उतरत असेल, तर डेटाच्या मर्यादेची अट वाचा.

## ५. केबलवर ठीक, वायफायवर मंद

बहुतेक घरं शेवटी इथेच येऊन थांबतात.

जागा. राउटर दाराशेजारी, जिथे लाइन शिरते तिथेच टांगलेला असतो. मग त्याचा निम्मा सिग्नल जिन्यात जातो. तो घराच्या मध्याकडे, छातीच्या उंचीवर, उघड्या जागी आणा. लोखंडी कपाट, आरसा, फिश टँक आणि सळयांची काँक्रीट भिंत या चार गोष्टी सिग्नल सगळ्यात जास्त अडवतात किंवा शोषतात. बाहेरच्या अँटेना उभ्या ठेवा. अँटेनाचा जोर तिच्या आडव्या दिशांना असतो, टोकाच्या दिशेला जवळपास काहीच नसतं. म्हणजे ज्या खोलीकडे अँटेना रोखली, तिथेच सिग्नल कमी पोचतो.

जागा बदलण्याला पैसे लागत नाहीत, म्हणून आधी हेच. लांब केबल लागली तरी ती कुठल्याही बूस्टरपेक्षा जास्त उपयोगाची ठरते.

बँड. राउटर सहसा दोन बँडवर, म्हणजे लहरींच्या पट्ट्यांवर, बोलतो. २.४ गिगाहर्ट्झ लांब जातो, भिंतीतून शिरतो, पण हळू असतो आणि तिथे प्रचंड गर्दी असते. शेजारचे सगळे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह ओव्हन, सगळे त्याच पट्ट्यात. यूएसबी ३ ची हार्ड डिस्क राउटरला चिकटून ठेवली तरी तिच्यातून निघणारा गोंगाट याच पट्ट्यात येतो. ५ गिगाहर्ट्झ वेगवान आहे, पण दोन भिंतींनंतर थकतो.

आता मोबाइल किंवा लॅपटॉपच्या वायफाय तपशिलात लिंक स्पीड (उपकरण आणि राउटर यांच्यातल्या जोडणीचा वेग) बघा. ७२ दिसत असेल तर उपकरण २.४ वर एका अँटेनाने जोडलेलं आहे. १४४ दिसलं तर २.४ वर दोन अँटेनांनी. ४३३ किंवा ८६६ असेल तर ५ वर. प्रत्यक्षात मिळणारा वेग लिंक स्पीडच्या अर्ध्या ते दोन तृतीयांश एवढाच असतो, कारण हवेत एका वेळी एकच जण बोलू शकतो. त्यामुळे ७२ च्या लिंकवर ४० आले तर तक्रार करण्यासारखं काही नाही. उपकरण ५ वर न्या, एवढंच.

दोन्ही बँडना एकच नाव दिलेलं असेल तर उपकरण स्वतः निवडतं, आणि पुष्कळदा २.४ ला चिकटून बसतं. तपासणीपुरती तरी दोन्हींना वेगळी नावं द्या. टीव्ही, लॅपटॉप, मोबाइल ५ वर. स्मार्ट बल्ब, प्रिंटर, लांबचा कॅमेरा २.४ वर.

चॅनेल. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ हे तीनच चॅनेल असे आहेत की एकमेकांच्या अंगावर येत नाहीत. वायफाय ॲनालायझर प्रकारच्या ॲपने आजूबाजूला पाहा आणि या तिघांतला मोकळा निवडा. मधला ३ किंवा ८ मोकळा दिसतो म्हणून निवडू नका. तिथे दोन्ही बाजूंच्या राउटरांचा त्रास होतो आणि तुम्हीही त्यांना त्रास देता. चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा. ४० केली की आकडा मोठा दिसतो, पण दाट वस्तीत तो टिकत नाही.

५ गिगाहर्ट्झवर जागा भरपूर आहे, रुंदी ८० चालते. मात्र ५२ ते १४४ क्रमांकांच्या चॅनेलवर रडारला प्राधान्य असतं. तिथे बोलायला लागण्याआधी राउटरला निदान एक मिनिट नुसतं ऐकावं लागतं, आणि रडारची चाहूल लागली तर चॅनेल सोडावा लागतो. ५ चं नाव अधूनमधून गायब होत असेल तर हेच कारण असण्याचा संभव मोठा. चॅनेल ३६ ठरवून द्या आणि पाहा.

सुरक्षा पद्धत. हा सापळा फारसा कुणाला माहीत नसतो. वायफायची सुरक्षा डब्ल्यूईपी किंवा टीकेआयपीवर ठेवली असेल तर वायफाय ४ आणि त्यापुढच्या पिढ्यांचे वेग वापरताच येत नाहीत, नियमानेच ते ५४ एमबीपीएसच्या लिंकवर घसरतात. डब्ल्यूपीए२ एईएस किंवा डब्ल्यूपीए३ निवडा. सुरक्षेसाठीही तेच योग्य आहे.

सिग्नल किती हवा? ॲपमध्ये तो उणे डीबीएममध्ये दिसतो. उणे ५० उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ७५ च्या पलीकडे रडतखडत. प्रत्येक खोलीत उभं राहून हा आकडा कागदावर लिहा. कुठे काय करायचं ते तो कागदच सांगेल.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि बदलल्यावर त्याच जागी उभं राहून मोजा. चॅनेल, रुंदी आणि जागा एकदम बदलली तर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही.

## ६. एकच उपकरण मंद असेल तर

बाकी सगळं घर सुखात आणि एकच लॅपटॉप रडतोय, तर राउटरला त्रास देऊ नका. त्या उपकरणावर व्हीपीएन, अँटिव्हायरसची वेब तपासणी, मागे चाललेलं अपडेट आणि ब्राउझरची एक्स्टेंशन्स बघा. वायफायचा ड्रायव्हर अपडेट करा. वायफायचं ते नाव विसरायला लावून पुन्हा जोडा. मोबाइलवर 'इंटरनेट वेगवान करा' म्हणणारी ॲप घेऊ नका, ती काहीही वेगवान करत नाहीत.

## ७. चाचणीत वेग भरपूर, तरी कॉल तुटतो

हा प्रकार माणसाला सगळ्यात जास्त चक्रावून टाकतो. चाचणी २०० दाखवते आणि कॉलमध्ये समोरचा माणूस गोठतो. इथे वेग मोजून उपयोग नाही, विलंब मोजायला हवा.

कॉम्प्युटरवर पिंगच्या (उत्तर किती वेळात येतं ते मोजणाऱ्या आज्ञेच्या) दोन खिडक्या उघडा. एकीत राउटरचा पत्ता, बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. दुसरीत बाहेरचा पत्ता, उदाहरणार्थ १.१.१.१. दोन्ही सतत चालू ठेवा. राउटरकडून उत्तर केबलवर एका मिलिसेकंदाच्या आत आणि वायफायवर दोन ते दहा मिलिसेकंदांत यायला हवं. राउटरचाच आकडा मधूनच २०० वर उडत असेल, तर दोष वायफायचा, पुन्हा पाचव्या पायरीला जा. राउटर शांत आणि बाहेरचाच आकडा उडतोय, तर पुढे वाचा.

या दोन खिडक्या चालू असताना एखादी मोठी फाइल अपलोड करा. बाहेरचा पिंग २० वरून ४०० वर गेला, तर तुमच्या अपलोडच्या तोंडाशी रांग साचतेय. याला बफरब्लोट म्हणतात. अपलोडचा वेग कमी असलेल्या कनेक्शनवर एका मोबाइलचे फोटो क्लाउडवर चढायला लागले की घरातल्या सगळ्यांचं नेट मंद वाटतं, कारण डाउनलोड करतानाही 'मिळालं, पुढचं पाठव' असे निरोप अपलोडच्याच वाटेने जातात.

उपाय दोन. फोटोंचा बॅकअप, कॅमेऱ्यांचं चित्रण, अपडेट ही कामं रात्रीवर टाका. आणि राउटरमध्ये एसक्यूएम (ही रांग साचू न देणारी सोय) किंवा चांगलं क्यूओएस असेल तर त्यात वेग मोजलेल्या आकड्याच्या ८५ ते ९५ टक्के भरा. चाचणीतला आकडा थोडा कमी दिसेल, ते मान्य करा. कॉल मात्र तुटणार नाही. इथे मी चौथ्या पायरीच्या उलट सांगतोय असं वाटेल, पण तिथे प्रश्न राउटरच्या ताकदीचा होता. वेगवान लाइन आणि दुबळा राउटर असेल तर क्यूओएस नको. लाइनच हळू असेल तर जरूर हवं.

## ८. पान उघडायलाच उशीर

पहिले दोन-तीन सेकंद काहीच नाही, मग सगळं पटकन येतं, असं होत असेल तर डीएनएस बदला. राउटरच्या सेटिंगमध्ये १.१.१.१, ८.८.८.८ किंवा ९.९.९.९ टाकता येतो. याने फाइल उतरण्याचा वेग वाढत नाही, फक्त नावावरून पत्ता शोधण्याचा वेळ वाचतो. काही ठरावीक संकेतस्थळंच अर्धवट उघडत असतील आणि कनेक्शन पीपीपीओईचं असेल, तर एमटीयू (एका पाकिटाचा कमाल आकार) १५०० च्या जागी १४९२ आहे ना ते बघा.

## ९. फर्मवेअर, पासवर्ड आणि रीसेटचं बटण

राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी वाचा. अनोळखी नावं दिसली तर आधी तुमचा टीव्ही, घड्याळ, बल्ब वजा करा, तरीही उरली तर वायफायचा पासवर्ड बदला आणि डब्ल्यूपीएस (पासवर्डऐवजी बटण दाबून जोडण्याची सोय) बंद करा. फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) निर्मात्याच्याच संकेतस्थळावरून घ्या, मॉडेलबरोबर हार्डवेअर आवृत्तीही जुळवा, आणि ते चढत असताना वीज जाऊ देऊ नका.

आता सगळ्यात महागडा सापळा. रीस्टार्ट आणि रीसेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टाचणीने दाबायचं ते छोटं बटण दहा सेकंद दाबलं की राउटर कारखान्यातून आल्यासारखा कोरा होतो. पीपीपीओईचं युजरनेम, पासवर्ड, कंपनीने दिलेला व्हीलॅन क्रमांक, सगळं पुसलं जातं आणि माहिती हाताशी नसेल तर तंत्रज्ञ येईपर्यंत घरात नेट नाही. रीसेट करायचाच असेल तर आधी वॅनच्या (कंपनीच्या लाइनकडच्या जोडणीच्या) आणि वायफायच्या सेटिंगच्या पानांचे फोटो काढा, सेटिंगचा बॅकअप घ्यायची सोय असेल तर तोही घ्या. कंपनीने दिलेला मोडेम असेल तर तिला विचारल्याशिवाय ते बटण दाबूच नका.

## १०. नवं सामान कधी घ्यायचं

तुमच्या कागदावरचे आकडे जेव्हा सांगतील तेव्हाच. पोर्ट १०० चे आहेत आणि प्लॅन मोठा आहे, राउटरला फक्त २.४ गिगाहर्ट्झ येतं, किंवा थेट मोडेमला पूर्ण वेग आणि राउटरमधून निम्मा, अशा वेळी राउटर बदला. वायफाय ५ किंवा ६ चा, सगळे पोर्ट गिगाबिटचे असलेला घ्या. डब्यावरचा मोठा आकडा हा सगळ्या बँडची बेरीज असते, एका उपकरणाला तेवढं कधीच मिळत नाही.

एका कोपऱ्यातच रेंज नसेल तर राउटर बदलून फरक पडणार नाही. तिथपर्यंत केबल ओढून ॲक्सेस पॉइंट (केबलवरून आलेलं नेट वायफायने पसरवणारा डबा) लावणं हा सर्वांत पक्का उपाय. जुना राउटरही त्या कामी येतो, त्याचं डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटण्याची सोय) बंद करा आणि केबल लॅन पोर्टला लावा. केबल शक्य नसेल तर मेश (एकमेकांशी जोडून चालणाऱ्या वायफाय डब्यांचा संच) घ्या. एकाच बँडवर चालणारा स्वस्त रिपीटर ऐकतो आणि बोलतो त्याच चॅनेलवर, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. घ्यावाच लागला तर तो जिथे रेंज नाही तिथे लावू नका. राउटर आणि ती खोली यांच्या मध्ये, जिथे सिग्नल अजून चांगला आहे, तिथे लावा.

## ११. तक्रार करताना

"नेट स्लो आहे" म्हटलं की समोरून "राउटर रीस्टार्ट करा" हेच येणार. त्याऐवजी असं सांगा: "राउटरला केबलने लॅपटॉप जोडलाय, जोडणी गिगाबिटची आहे, वायफाय बंद आहे. प्लॅन २०० चा. सकाळी सातला १९०, रात्री नऊला ३५. सलग तीन दिवस हेच. ऑप्टिकल पॉवर उणे २७. स्क्रीनशॉट आहेत." एवढं ऐकल्यावर तुम्हाला पहिल्या पायरीवर परत पाठवता येत नाही, तक्रार वरच्या पातळीवर जाते.

तक्रारीचा क्रमांक मागून घ्या. फोन केला असेल तरी तोच मजकूर ईमेलने किंवा ॲपमधून पुन्हा पाठवा, म्हणजे तारखेसकट नोंद राहते. तंत्रज्ञ आला की तो स्वतःच्या मोबाइलवर राउटरशेजारी उभं राहून चाचणी दाखवेल. त्याला केबलवर चाचणी घ्यायला सांगा, फायबर असेल तर पॉवर मीटरने मोजलेला आकडा विचारा. त्रास रात्रीचाच असेल तर दुपारच्या भेटीत सगळं ठीकच दिसणार, म्हणून तक्रार बंद करण्याआधी त्या रात्रीची चाचणी होऊ द्या, असा आग्रह धरा. ओटीपी सांगून तक्रार बंद होत असेल, तर रात्रीचा आकडा हाती आल्याशिवाय तो ओटीपी देऊ नका.